ज्याची फाईल, त्याला विचारून

सकपाळ सरांची आणि माझी ओळख साखरेच्या डब्यामुळे झाली, असे मी सांगू लागले की सर मान हलवतात आणि म्हणतात, "शुभांगी, तिखटमीठ लावू नकोस." पण झाले ते असेच. महाडच्या आमच्या छोट्या तांत्रिक संस्थेत शिकवायला रुजू झाले तो माझा पहिला दिवस होता. स्टाफरूममध्ये पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांनी नाव विचारले, गाव विचारले आणि चहा कराल का म्हणाले. नवी नोकरी, नाही कसे म्हणणार? मी मुकाट्याने फळीवरचे डबे उघडू लागले. पहिल्यात खडू निघाले, दुसऱ्यात सुतळी, तिसऱ्यात कोणाचे तरी औषध. साखर सापडली ती खिडकीच्या वरच्या कोनाड्यात, तीही स्टुलावर चढल्यावर. एवढा वेळ हे गृहस्थ शांतपणे माझ्याकडे बघत बसलेले. मनात म्हटले, काय खवट माणूस आहे! चहा पिऊन झाल्यावर ते उठले, साखरेचा डबा उतरवला आणि मी पहिल्यांदा जिथे हात घातला होता तिथे आणून ठेवला. म्हणाले, "नव्या माणसाचा हात आधी जिथं जातो, ती वस्तूची खरी जागा. आम्हा जुन्यांना सवय झालेली असते, त्यामुळं आम्हाला ते दिसत नाही." त्यानंतर दोन आठवडे संस्थेतल्या प्रत्येकाने साखर शोधत सरांना शिव्या घातल्या.

श्रीपत सकपाळ सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनावर आणि गावासाठी केलेल्या कामावर अधिकारी मंडळी लिहीतच आहेत. मला एकाच कामाबद्दल लिहायचे आहे, कारण त्यात मी होते, माझ्या हातून एक मोठी चूकही घडली, आणि ते काम तडीस जाते की नाही यावर अठरा वाड्यांचे पाणी अवलंबून होते.

सरांचा जन्म आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतला. शिकून ते मुंबईला गेले आणि टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी पंचवीस वर्षे काढली. तिथे ते यंत्रांचा 'कर्नल' लिहायचे. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. यंत्र सुरू झाले की सर्वांत आधी जागा होणारा आणि मग बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना जागा, वेळ आणि काम वाटून देणारा जो मूळ प्रोग्राम, तो कर्नल. पन्नाशीला आल्यावर सरांनी नोकरी सोडली आणि महाडला येऊन शिकवू लागले. विद्यार्थ्यांनी पुस्तकातून कर्नल पाठ करण्यापेक्षा स्वतः एक लिहावा, म्हणून त्यांनी एक छोटा कर्नल लिहायला घेतला. त्याचे नाव ठेवले 'घडवंची'. पाण्याचे हंडे-कळशा जिच्यावर ठेवतात ती आपली घरातली घडवंची. सुमनकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, हे नाव सुचवले असे सर सांगतात. काकू म्हणतात, "मी नुसतं म्हटलं होतं की ती मोडकी घडवंची माळ्यावर टाका."

ही घडवंची नुसती अभ्यासापुरती राहिली नाही. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांमध्ये विहीर खाली आणि टाकी वर. वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नाही. मोटर सुरू करायला माणसाला अर्धा डोंगर उतरावा लागतो, आणि वाडीतली कर्ती माणसे तर मुंबईला. सरांनी विद्यार्थ्यांकडून एक छोटा डबा बनवून घेतला. वीज आली की तो मोटर सुरू करतो, विहिरीत पाणी भरायला मध्ये मध्ये थांबतो आणि टाकी भरली की बंद करतो. त्या डब्यात घडवंची चालते. एका वाडीत बसवला, मग शेजारच्या वाडीने मागितला. असे करत अठरा वाड्या झाल्या.

आता मूळ दुखण्याकडे येते. आपल्याकडे कोणाचे घर विचारले तर कोणी रस्त्याचे नाव सांगत नाही. "तुकारामच्या मागं, सीताबाईच्या अंगणातून वर" असे सांगतात. आमच्या विद्यार्थ्यांनी घडवंची तशीच मांडली होती. ज्याने जे लिहिले ते त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये. एक फोल्डर 'संतोष', एक 'मीनल', एक 'सागर', एक 'सागर नवीन'. संतोषच्या फोल्डरमध्ये मोटर होती, घड्याळ होते आणि का कोण जाणे, टाकी भरल्याचे सांगणाऱ्या तरंगत्या फ्लोटचा अर्धा भागही होता. उरलेला अर्धा मीनलकडे. काही शोधायचे म्हणजे सरांना विचारायचे. "घड्याळ ना? ते संतोषच्यात बघ. थांब, नाही. संतोष मुंबईला गेल्यावर नव्या डब्यांसाठी मीनलनं दुसरं केलं. जुन्या डब्यांना संतोषचंच." सर न चुकता सांगायचे आणि आम्ही कौतुकाने ऐकायचो. एवढे सगळे एका माणसाच्या डोक्यात आहे यात काही धोका आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

चार वर्षांपूर्वी सरांना काचबिंदू असल्याचे कळले. एका डोळ्याची दृष्टी बरीच गेलेली, दुसऱ्याची जपायची. दवाखान्यातून आल्यावर सर मला म्हणाले, "डोळ्यांचं मी बघून घेईन. पण उद्या मी नसलो तर घडवंचीत कुणाला काही सापडेल का? मोटर जळली, नवी आणली, तर बदल कुठं करायचा हे कुणाला कळणार आहे? वाडीनं डबा काढून टाकायचा आणि पुन्हा बायकांनी हंडे घेऊन उतरायचं?" तेव्हापासून सरांना एकच ध्यास लागला. घडवंचीची मांडणी अशी करायची की ती त्यांच्यावाचून चालली पाहिजे.

मी उतावळी आहे, हे संस्थेत सर्वांना माहीत आहे. मोठमोठ्या कर्नलांची मांडणी मी पुस्तकात पाहिलेली. प्रोसेसरचे एकीकडे, बाहेरच्या उपकरणांचे एकीकडे, मेमरीचे एकीकडे. त्यात काय अवघड आहे, असे मला वाटले. मे महिन्यात सर डोळ्यांच्या तपासणीसाठी आठवडाभर पुण्याला गेले होते. पहिल्या तीन दिवसांत मी सगळी माणसांची फोल्डरे मोडली आणि कामाप्रमाणे नवी केली. इतके देखणे दिसत होते की मी त्याचा फोटो काढून ठेवला! प्रोग्राम तयार झाला, संगणकाने एकही चूक दाखवली नाही. त्याच आठवड्यात एका वाडीच्या डब्याची दुरुस्ती होती, मी नवा प्रोग्राम त्यात भरून पाठवून दिला.

संतोषच्या आणि मीनलच्या फोल्डरमध्ये 'टायमर' या एकाच नावाची फाईल होती. दोन्ही एका ठिकाणी आणताना एकीने दुसरीला गिळले. संतोषचे घड्याळ सेकंद मोजायचे, मीनलचे सेकंदाचे दहावे भाग. त्या वाडीचा डबा जुना, त्याला संतोषचे हवे होते आणि मिळाले मीनलचे. दहा मिनिटे चालायची मोटर एका मिनिटात बंद पडू लागली. ऐन मे महिन्यात वाडीची टाकी कोरडी राहिली आणि बायका दोन दिवस झऱ्यावरून पाणी वाहत होत्या.

सर पुण्याहून आले ते घरी न जाता तडक एसटीने वाडीवर गेले. मी सोबत होते. टाकीपाशी एक म्हातारी हंडा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या डब्याला काय झालंय वो? पानी आलं म्हनून हंडा लावावा तर बंद! आमच्या कंबरंचा पार भुगा झाला." मग माझ्याकडे बघून, "आनि ही कोन गो?" सर म्हणाले, "या आमच्या मॅडम. दुरुस्त करायला आल्यात. चूक माझी हाय, आजी. माझं सामान मी नीट ठेवलं नव्हतं." म्हातारी म्हणाली, "चुकतंय मानूस. पर आज तरी पानी चढव रे बाबा." जुना प्रोग्राम भरला आणि पाणी चढले. परत येताना एसटीत मी रडले. सरांनी खिडकीबाहेर बघत एवढेच सांगितले की दुसऱ्या दिवशी दहा वाजता प्रयोगशाळेत यायचे, काम बरेच आहे. प्रयोगशाळेची किल्लीही माझ्याकडेच राहू दिली. दुसरी कोणी असती तरी त्यांनी असेच वागवले असते, पण ती मी होते, आणि हे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

त्यानंतर जे काम सुरू झाले ते पाहून कोणाचाही धीर सुटावा. दिवसाला एक फाईल हलवायची. ज्या दिवशी हलवायची त्या दिवशी तिच्यात एक अक्षरही बदलायचे नाही, मग ती कितीही भिकार लिहिलेली असो. मी कुरकुरले तर सर म्हणाले, "हलवणं आणि सुधारणं एका हातानं केलंस, तर बिघडल्यावर कशामुळं बिघडलं ते सांगता येत नाही. आणि कुणी, कधी, काय लिहिलं ही संगणकातली नोंदही तुटते." हलवली की प्रोग्राम तयार करायचा, टेबलावरच्या डब्यात भरायचा आणि दोन बादल्या, एक लहान मोटर आणि एक फ्लोट यांच्यावर चालवून बघायचा. वरची बादली भरून मोटर आपोआप थांबली की त्या दिवसाचे काम संपले. कितीदा प्रयोगशाळेत पाणी झाले आणि शिपाईमामांची बोलणी आम्ही दोघांनी मिळून खाल्ली.

नावांवरून तर वादच झाले. वरच्या पातळीवर बोटांवर मोजता येतील एवढीच फोल्डरे हवीत आणि नाव कामाचे हवे, यावर सर ठाम. यंत्र, वेळ, आठवण, वाटप, जोडणी, चाचणी. मला 'किरकोळ' नावाचे एक हवे होते. सर म्हणाले, "तो माळा होईल." मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी ते करू दिले, अट एकच, दर शनिवारी रिकामे करायचे. पहिल्या शनिवारी त्यात अकरा फायली निघाल्या, दुसऱ्या शनिवारी चोवीस. तिसऱ्या शनिवारी मी स्वतःच ते काढून टाकले आणि सरांनी त्यावर काहीही बोलायचे नाही असे मोठ्या कष्टाने ठरवलेले दिसले. प्रत्येक फोल्डरमध्ये चार ओळींचा मराठी कागद हवा, हाही त्यांचाच नियम. इथे काय आहे ते लिहायचेच, पण माणूस चुकून इथे आला असेल तर त्याने कुठे जावे हेही लिहायचे. कागद लिहिण्याआधी सर नव्या विद्यार्थ्यांना समोर बसवून अमुक शोध म्हणून सांगत आणि ते आधी कुठे जातात ते मला टिपून घ्यायला लावत.

सरांना पडद्यावरचे बारीक अक्षर दिसेनासे झाले तेव्हा वाचून दाखवायचे काम घरी सुमनकाकूंनी पत्करले. काकू सातवी शिकलेल्या. इंग्रजी अक्षर न् अक्षर सुटे वाचायच्या, "कंस सुरू, कंस पुरा, टिंब आणि खाली स्वल्पविराम." एकदा वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे मी सोमवारी वाचलंय. जसंच्या तसं." आम्ही हसलो. पण सरांनी सोमवारची फाईल काढायला लावली, आणि खरोखरच सागरने स्वतःचाच एक भाग 'सागर नवीन'मध्ये पुन्हा उतरवून ठेवलेला होता. आमच्या दोघांच्या शिक्षणावर काकू अजून मधून मधून शेरे मारतात.

पण या कामात सरांची खरी ओळख पटली ती एका फोनने. आपल्याकडे बांधावरचा दगड हलवायचा तर आधी शेजाऱ्याला विचारतात. सरांनी प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. "तुझी फाईल तुझ्या फोल्डरातून काढून दुसरीकडं ठेवतोय. चालेल ना?" मला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटत होता. बहुतेक जण हसून हो म्हणाले. संतोषला मात्र ते रुचले नाही. तो मुंबईत एका गोदामात नोकरीला होता, प्रोग्रामचे काम त्याला पुढे कधी मिळालेच नव्हते. तो म्हणाला, "सर, माझं नाव काढताय का? माझ्या पोराला मी सांगून ठेवलंय, आमच्या वाडीचं पानी माझ्या नावाच्या फोल्डरात हाय म्हनून. आता काय सांगू?" सरांनी काम थांबवले. संतोषचे फोल्डर दोन महिने तसेच राहिले आणि मी चरफडत राहिले.

शिमग्याला चाकरमानी गावी येतात. सरांनी निरोप धाडले की पालखीच्या आदल्या दिवशी सर्वांनी प्रयोगशाळेत यायचे, ज्याची फाईल त्याने आपल्या हाताने हलवायची. नऊ जण आले. सरांनी घडवंचीत सर्वांत वर एक नवी फाईल करून ठेवली होती, तिचे नाव 'मानकरी'. पालखीला पहिला खांदा कोणाचा, दुसरा कोणाचा हे जसे ठरलेले असते, तशी त्यात नावे. वाडीचे नाव, माणसाचे नाव आणि त्याने काय लिहिले ते. पहिले नाव संतोषचे. त्याने ते दोनदा वाचले, मुलाला पाठवण्यासाठी मोबाईलवर फोटो काढला आणि मग खुर्चीत बसून आपले घड्याळ 'वेळ'मध्ये ठेवले. मीनलने तिचे शेजारी ठेवले, दोघांनी मिळून नावे वेगळी केली. मला तीन दिवसांत जे साधले नव्हते ते त्या दुपारी पाच मिनिटांत झाले. मी सर्वांसमोर कबूल केले की वेळेचा अपव्यय म्हणणारी मीच मूर्ख होते. सर म्हणाले, "हेही मानकरीत लिहू का?"

तरीही सरांची धाकधूक गेली नव्हती. आम्ही सगळे आतले. आतल्या माणसाला सापडते यात नवल काय? यंदाच्या उन्हाळ्यात परीक्षा आली. पायथ्याच्या एका वाडीने नव्या प्रकारचा फ्लोट बसवला आणि डबा त्याला ओळखेना. टाकी भरून वाहू लागली, खाली विहीर आटत चाललेली. त्याच सुमारास सुवर्णावहिनी आमच्या संस्थेत कामाला आल्या होत्या. माहेर मुंबईचे, डिप्लोमा झालेला, लग्न होऊन महाडजवळच्या नाते गावी आलेल्या, आणि घडवंची त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. सर म्हणाले, "हे काम त्या करतील. शुभांगी, तू तोंड उघडायचं नाहीस. आणि मी बाहेर बसतो, म्हणजे माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काही कळायला नको."

सर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. वहिनी आधी 'यंत्र'मध्ये शिरल्या. मी ओठ चावला. त्यांनी तिथला कागद मोठ्याने वाचला, "मोटर आणि फ्लोट इथे नाहीत, ते जोडणीमध्ये आहेत." "अच्छा," म्हणाल्या आणि तिकडे गेल्या. जुन्या फ्लोटची फाईल सापडली, तिच्यासारखी नवी केली, शेजारी ठेवली, कागदात एक ओळ वाढवली. बादली भरली, मोटर थांबली. जेवणाच्या सुट्टीआधी काम झाले होते. दुपारी डबा वाडीवर गेला आणि संध्याकाळी पाणी सोडणाऱ्याचा फोन आला, "टाकी भरली न् बंद झाली. झ्याक हाय."

सर अजून बाकावरच होते. दुपारचे जेवणही त्यांनी तिथेच केले होते. त्यांनी विचारले, "मला विचारायला कुणी कसं आलं नाही दिवसभर?" मी म्हटले, "गरजच पडली नाही, सर." सरांनी चष्मा काढला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हे छापल्याबद्दल ते माझ्यावर रागावणार आहेत, रागावोत. मग म्हणाले, "चला, सुटलो. आता माझं काही काम उरलं नाही." सुवर्णावहिनी पटकन म्हणाल्या, "मग तर बरंच झालं की, सर! रविवारी नात्याला जेवायला या. काकूंनाही आणा."

सर, 'आता माझं काही काम उरलं नाही' या तुमच्या वाक्याला त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर मी इथे सर्वांदेखत देते. इतकी वर्षे आम्ही तुमच्याकडे येत राहिलो ते अमुक फाईल कुठे आहे, तमुक मोटर का थांबत नाही, हे विचारायला. उत्तर मिळाले की चप्पल घालून निघायचो. तुमच्या घरी स्वस्थ बसून दोन घोट चहा मी क्वचितच घेतला असेल. उरलेला डोळा तुम्हाला पुरून उरो, काकूंचे वाचन आणि टोमणे अखंड चालू राहोत, पाय डोंगर चढण्याइतके खणखणीत राहोत आणि तुमची शंभरी पाहायला आम्ही सगळे शिल्लक राहू दे. घडवंचीला आता तुमची गरज नाही. त्यामुळे इथून पुढे तुमच्या दारात जो कोणी येईल, तो तुमच्यासाठी आलेला असेल.